रद्द केलेली जागा

१

समाधान गेला त्याच दिवशी दुपारी फौजदार विठ्ठलरावांनी भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीचं स्टोअर तपासलं. सगळं जागच्या जागी दिसत होतं. जनरेटर होता, वॉकीटॉकी खोक्यात होते, तंबू आणि दोऱ्या होत्या, झाडांच्या फवारणीसाठी आणलेला बॅटरीचा कोरा पंपही होता. फक्त खिडकीखालचा एक कप्पा रिकामा होता. वर पाटी होती, ‘उष्माघात संच’.

"यातलं सामान कुठंय?" विठ्ठलरावांनी विचारलं.

स्टोअर सांभाळणारा म्हाळू दारात उभा होता. सकाळी धावण्याच्या सरावात समाधान घाटात कोसळला, तेव्हा यानंच त्याला पाठीवर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या होत्या. डॉक्टरांनी उष्माघात म्हणून सांगितलं होतं आणि मान हलवली होती.

म्हाळूनं कप्प्याकडं पाहिलं आणि तो उंबऱ्यातच बसला.

"साहेब, ह्ये माझ्याच हातून झालं," तो म्हणाला. "मला धरा."

२

मेजर आम्रपाली साळवे सैन्यातल्या परिचारिका सेवेतून निवृत्त होऊन बीडला राहत होत्या. गाव मात्र चकलांबा. त्यामुळं समाधानची आई सिंधुबाई दारात आली, तेव्हा ओळख सांगावी लागली नाही.

"जयभीम, आक्का."

"ये सिंधू. बस. पाणी घे आधी."

सिंधुबाई बसली, पण पाण्याला हात लावला नाही. पोराला मातीआड करून चार दिवस झाले होते. बोलताना आवाज कोरडा होता.

"चार दिस नुसतं इचारीत व्हते, आज त्या म्हाळूला धरलंय. त्यानं सामान चोरून इकलं, म्हनून माझं लेकरू गेलं म्हनत्यात. मला पटत न्हाई आक्का. दवाखान्यात म्या बगितलं त्याला. माझ्यापरीस जास्त तोच रडत होता. चोर आसं रडतंय व्हय?"

"तो स्वतःच कबूल झालाय म्हणे."

"तेच तर. म्या बी कबूल हाय. भरतीला जा म्हनून म्याच त्याला धाडलं. मग मला कावून धरीत न्हाईत?"

आम्रपालींनी मोबाईल जवळ ओढला. त्यांनी विठ्ठलरावांना फोन लावला. पोलिसांना प्रथमोपचार शिकवायला त्या जात, त्यामुळं ओळख चांगली होती.

"मॅडम, उद्या त्याला कोर्टात उभा करायचाय," विठ्ठलराव म्हणाले. "आजचा दिवस तुमचा. मलाही त्याची कबुली घशाखाली उतरत नाहीये. काय चोरलं, कुणाला दिलं, काहीच सांगत नाही. नुसतं ‘माझी चूक’ एवढंच."

ठाण्यात म्हाळू भिंतीला टेकून बसला होता.

"संच शेवटचा कधी पाहिलास?"

"ध्यानात न्हाई मॅडम. शिवकन्या सिस्टर गेल्या तवापासून त्या कप्प्याकडं बघितलंच न्हाई."

"सिस्टर का गेल्या?"

"जागा रद्द झाली." मग म्हाळूनं सांगितलं ते असं. अकादमीला किती माणसं लागतात याचा एक तक्ता होता. पालीचे कर्नल राधाकिशन सल्लागार. त्यांनी तो सैन्याच्या रीतीनं बसवला होता. इतक्या पोरांमागं इतके शिकवणारे उस्ताद, एक स्वयंपाकी, एक स्टोअरवाला, एक सिस्टर. प्रत्येकाच्या नावानं सामान ठरलेलं. यंदा अडथळ्यांच्या सरावासाठी आणखी एक उस्ताद हवा होता. मालक विजयसिंह म्हणाले, संख्या वाढणार नाही. एक आत येणार असेल तर एक बाहेर जाईल.

"मालक मलाच काढनार होते. कर्नलसाहेबांनी माझी जागा वाचवली. देवमानूस हाय."

"म्हणून सिस्टर गेल्या."

"व्हय."

"पोरं पळायला जायची तेव्हा संच सोबत कोण न्यायचं?"

"सिस्टर न्यायच्या. जीपमधी ठिवून."

"आणि त्या गेल्यावर?"



"कुनाचंच काम न्हवतं ते."

"त्या सकाळी दाराला कुलूप होतं?"

"समाधान पडला म्हनून फोन आला, तवा चावी कुलपातच सोडून जीपकडं पळालो. त्येच्या आदी बी कंदी उघडं राहिलं आसंल. कुनी तरी नेलं आसंल. माझ्या ताब्यातलं सामान व्हतं मॅडम. ते आसतं तर लेकरू वाचलं आसतं. मग चोर मी न्हाई तर कोन?"

आम्रपाली उठल्या. हा माणूस खोटं बोलत नव्हता. पण त्याला जे खरं वाटत होतं, ते खरं होतंच असं नाही.

३

अकादमी मांजरसुंब्याच्या चौकापासून थोडी आत, माळावर होती. तिथून घाट उतरला की पाली, आणि पुढं बीड. मैदान रिकामं होतं. पोरांना घरी पाठवलं होतं.

विजयसिंह स्वतः स्टोअरपर्यंत आले. घराण्यात राजकारण, कपडे पांढरेशुभ्र, आवाज समजूत घातल्यासारखा.

"मॅडम, आम्ही सगळी सोय केली होती. उष्माघाताचा संच ठेवणारी दुसरी अकादमी जिल्ह्यात दाखवा मला. आता आपल्याच माणसानं गळा कापला, त्याला कोण काय करणार?"

"संचात काय काय होतं?"

"स्ट्रेचर. थर्मामीटर. सलाईन वगैरे. बर्फाचा डबा."

"आणखी?"

"एक ताडपत्रीही गेलीय म्हणतात. आणि एक जुना फवारणीचा पंप. पण त्याचा काय संबंध? तो नेला असंल कुणी कापसावर मारायला."

आम्रपालींनी बाहेर येऊन शिवकन्या सिस्टरला फोन केला. ती आता बीडच्या एका दवाखान्यात नोकरीला होती. त्या दिवशी सकाळपासून ती वॉर्डातच होती, हे तिच्या बोलण्यातून कळलंच. समाधानला आणला तेव्हा स्ट्रेचर तिनंच पुढं केलं होतं.

"ताडपत्री आणि पंप संचातलेच, मॅडम," ती म्हणाली. "ताडपत्रीवर पोराला निजवायचं, कडा उचलून धरायच्या, बर्फाचं पाणी ओतायचं. पंपानं अंगावर पाणी मारत राहायचं, दुसऱ्यानं वारा घालायचा. पंप औषधाचा नव्हता. कोरा घेऊन त्याला पांढरा रंग दिला होता, चुकून कुणी विषारी औषध भरू नये म्हणून. कर्नलसरांनीच सांगितलं होतं." ती थांबली. "जाताना मी कुणालाच दाखवलं नाही ते कसं करायचं. रागात होते. दहा मिनिटांचं काम होतं, मॅडम."

"त्या सकाळी तो मुलगा आला तेव्हा..."

"अंग भाजत होतं. घाटातच गार करायला हवं होतं. आधी गार करायचं, मग न्यायचं. मी रोज तेच घोकते आता."

आम्रपाली परत आत गेल्या. जनरेटर होता. वॉकीटॉकी होते. बॅटरीचा कोरा पंप तिथंच होता आणि हातानं दाबायचा जुना पांढरा पंप गेला होता. कोपऱ्यात नव्या ताडपत्र्यांची चळत होती आणि वापरलेली, मळकी ताडपत्री गेली होती.

विकण्यासारखं काहीच गेलं नव्हतं. जे गेलं ते एकमेकांशिवाय निरुपयोगी होतं, आणि त्यातलं एकही राहिलं नव्हतं. ज्यानं नेलं त्याला पुरता संच माहीत होता.

विजयसिंहांना तो माहीत नव्हता. पंप कापसावर मारायला नेला, असं त्यांना खरोखरच वाटत होतं.

मग माहीत कुणाला होता?

४

कर्नल राधाकिशन यांचा मळा पालीत, बिंदुसरेच्या धरणापासून जवळच. सीताफळाच्या बागेत ते झाडांना आळी करत होते. उंच, ताठ, पण दाढी वाढलेली. आम्रपालींना ते विचित्र वाटलं. निवृत्त झाले तरी असे अधिकारी दाढीचा नियम मोडत नाहीत.

"या, मेजर."

"सर, सैन्यातलं तुमचं काम हेच होतं ना? संख्या ठरवायचं?"

"दिल्लीत. बरीच वर्षं. कुठल्या पलटणीला किती माणसं, कुठल्या हुद्द्याची, किती गाड्या, किती वायरलेस, किती स्ट्रेचर, किती न्हावी. सगळं आधी ठरतं. मंजुरीबाहेर एक चमचा मिळत नाही." ते किंचित हसले. "सगळ्या पलटणी आम्हाला शिव्या घालायच्या. प्रत्येकाला एक माणूस जास्त हवा असायचा. आमचं काम नाही म्हणायचं."

"आणि एक वाढवायचा असेल तर?"

"दुसरीकडचा एक द्यायचा. एकूण आकडा हलत नाही."

"मग कुणाला द्यायचं, हे कसं ठरवायचे?"

"काम किती पडतं त्यावर. ज्याला काम कमी, तो आधी जातो." ते आळ्याकडं बघत म्हणाले. "सिस्टरची जागा रद्द करायची शिफारस माझीच. विजयसिंहांना म्हाळूला काढायचं होतं. मी म्हटलं, स्टोअरशिवाय काही चालणार नाही."

"माणूस काढला की त्याच्या नावचं सामानही निघतं ना, सर? की ते दुसऱ्या कुणाच्या नावावर चढवतात?"

कर्नलनी कुदळ खाली ठेवली.

"चढवायला हवं होतं," ते म्हणाले. "हाताळणारा नसेल तर सामान म्हणजे नुसतं ओझं. मीच शिकवायचो हे."

"त्या सकाळी तुम्हाला कसं कळलं?"

"रामेश्वर उस्तादाचा फोन आला. मी सरळ दवाखान्यात गेलो."

"संच चोरीला गेला नसता तर मुलगा वाचला असता, असं सगळे म्हणतायत."

"तुम्ही परिचारिका आहात, मेजर. रसवंतीच्या बर्फानं कुणाचा जीव वाचतो का?"

शब्द कडवट होते. आम्रपालींना वाटलं, म्हातारा माणूस स्वतःवरच चिडलाय. त्या निघाल्या. फाटकापर्यंत पोचवायला कर्नल आले.

"म्हाळूला काही होणार नाही ना? गरीब माणूस आहे."

"उद्या कोर्टात नेणार आहेत, सर."

कर्नलचा फाटकावरचा हात तिथंच राहिला. त्यांना काही बोलायचं होतं. पण त्यांनी फाटक लावून घेतलं.

५

रामेश्वर उस्ताद चौकातल्या ढाब्यावर भेटला. निवृत्त हवालदार, मान खाली. समोरचा चहा गार झाला होता.

"मॅडम, पोरं ढिली पळाली म्हणून मी दुसरी फेरी लावली. ऊन चढलं होतं. कळत होतं मला. सैन्यात आम्हाला बी असंच पळवलं, मेलो का, असं म्हणालो मी त्यांना. हेच शब्द. समाधाननं ऐकलेले माझे शेवटचे शब्द."

"तो पडल्यावर संच का मागवला नाही?"

"डोक्यातच नाही आलं. सिस्टर गेल्या, म्हणजे ते सामान बी गेलं, असंच वाटत होतं. म्हाळूला म्हणालो जीप आण. घाट उतरताना कर्नलसाहेबांना फोन केला, पोरगा पडलाय, घेऊन निघालोय म्हणून."

"ते दवाखान्यात तुमच्या आधी पोचले?"

"नाही. साहेब आले तवा सगळं संपून वेळ झाला होता. बाहेर आम्ही नुसते बसलो होतो."

आम्रपालींनी कप खाली ठेवला. पाली बीडला अकादमीपेक्षा जवळ. घाटातून निघालेली जीप पालीवरूनच गेली होती. पालीतून सरळ निघालेला माणूस इतका मागं कसा राहिला?

त्या पुन्हा अकादमीत गेल्या. स्वयंपाकघरात वनमालाबाई एकटीच होती. पोरं नसताना तिनं भांडी पुन्हा पुन्हा घासून चकचकीत करून ठेवली होती. आम्रपालींनी उष्माघात संच म्हणताच तिच्या हातातलं उलथनं पडलं.

"मला काय बी ठाव न्हाई."

"वनमालाबाई, म्हाळूला उद्या कोर्टात नेतायत."

ती खाली बसली. पदर तोंडाला लावला.

"म्याच केलं त्ये," ती म्हणाली.

"काय केलं?"

"बर्फ. सिस्टर व्हत्या तवा पळायच्या दिवशी पहाटे म्या बर्फाच्या बाटल्या त्या डब्यात भरायची. त्या गेल्या, पर मला कुनी नगं म्हनलं न्हाई. म्हनून भरतच व्हते. म्हाळूकडून चावी न्यायची, डबा भरायचा, चावी परत. त्याला वाटायचं, डाळ-तांदूळ काढाया चाललीय."

"त्या सकाळी?"

"आदल्या दिसापासून लाईट न्हवती. बाटल्या गोठल्याच न्हाईत. म्या चौकातल्या रसवंतीवाल्याकडनं लादीचा तुकडा आनला. भुसा लागलेला, घाण. धुतला आन् ठिवला. सिस्टरनी सांगितलं व्हतं, सोच्छ बर्फच पायजे. मला वाटलं, चालतंय एक दिस." ती हुंदका देऊ लागली. "पोरगं त्या बर्फानंच मेलं का काय, आसं मनात येतंय. मग कळलं संच गायबच हाय. म्या सांगितलं आसतं तर म्हनले आसते, शेवटी तूच गेलतीस आत."

"तो बर्फ त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, बाई. त्यानं कुणाचं काही झालं नाही." आम्रपालींनी तिचा हात धरला. "नीट सांगा. त्या पहाटे संच कप्प्यात होता?"

"व्हता की! समदा व्हता. पंप, ताडपत्री, समदं."

"रसवंतीचं कुणाला सांगितलं होतं? कुणालाच?"

"कुनालाच न्हाई. आत्ता तुमालाच."

"आणि सगळे दवाखान्यात गेल्यावर इथं कुणी आलं होतं?"

"गाडीचा आवाज आलता. जीपच परत आली वाटलं. म्या देवापुढं बसले व्हते, भाईर बगितलं न्हाई."

आम्रपाली उठल्या. फाटकाशी थांबलेला तो हात त्यांना आठवला, आणि त्याआधीचं ते एक वाक्य.

६

ऊन कलत असताना त्या पुन्हा पालीत पोचल्या. या वेळी विठ्ठलराव सोबत होते. ते फाटकाबाहेर जीपमध्येच थांबले. कर्नल ओसरीवर बसले होते. त्यांनी "या" म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

"सर, संच त्या पहाटे कप्प्यात होता," आम्रपाली उभ्यानंच म्हणाल्या. "म्हणजे तो समाधान पडल्यानंतर गेला. त्या वेळी म्हाळू आणि रामेश्वर जीपमध्ये होते. शिवकन्या वॉर्डात होती. विजयसिंहांना पंप संचातला आहे हेच माहीत नाही. त्यांनी नेला असता तर पंप मागं राहिला असता. संच तोंडपाठ असलेला आणखी एकच माणूस आहे. ज्यानं तो ठरवला."

कर्नल ऐकत होते.

"तुम्ही सरळ दवाखान्यात गेलो म्हणालात. पण तुम्ही सगळ्यात शेवटी पोचलात. आणि मघाशी तुम्ही रसवंतीचा बर्फ म्हणालात. सिस्टरच्या काळात डब्यात बाटल्या असायच्या. रसवंतीचा बर्फ फक्त त्याच दिवशी होता, आणि ते भरणारीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यानं झाकण उघडलं, भुसा पाहिला, त्यालाच ते कळणार."

कर्नल उठले. "चला," एवढंच म्हणाले.

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत एका पोत्यावर संच मांडला होता. स्ट्रेचर, त्यावर घडी घातलेली ताडपत्री, शेजारी पांढरा पंप, थर्मामीटर, सलाईनचं खोकं. बर्फाचा डबा धुऊन उपडा घातला होता.

"मी तो लपवायला गेलो नव्हतो, मेजर," ते म्हणाले. "घ्यायला गेलो होतो. रामेश्वर म्हणाला, घेऊन निघालोय. मला वाटलं, अकादमीत घेऊन निघालेत. मी गाडी घाटात घातली. अर्ध्यात जीप समोरून खाली गेली. थांबवता आली असती. पण वाटलं, वर जाऊन संच उचलावा आणि मागोमाग जावं. वर गेलो. चावी दारातच होती. डब्याचं झाकण उघडलं तर आत बर्फ. कुणीतरी तयार करून ठेवलेला. बर्फ तयार, पंप तयार, ताडपत्री तयार." ते थांबले. "आणि फोन वाजला. मुलगा गेला म्हणून."

आम्रपालींनी उपड्या डब्याकडं पाहिलं.

"तसाच कप्प्यात ठेवून यायला हवं होतं. पण सगळ्यांनी पाहिलं असतं. सगळं होतं, फक्त ते उचलणारा माणूस नव्हता. आणि तो माणूस मी काढला होता. आयुष्यभर मी जागा रद्द केल्या, मेजर. डोंगरावरच्या, वाळवंटातल्या. मागं काय झालं ते मला कधी बघावं लागलं नाही. हे मला कुणी बघू नये असं वाटलं. गाडीत टाकलं."

"आणि म्हाळू?"

"त्याच्यावर येईल हे मनात नव्हतं. आल्यावर रोज ठरवलं की आज सांगू." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "तुम्ही फाटकातून बाहेर पडलात तेव्हाही ठरवलं होतं."

"का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वळून पाहिलं नाहीत," ते म्हणाले, आणि लगेच मान हलवली. "नाही. हे मी तुमच्यावर ढकलतोय. मी भ्यालो. एवढंच."

विठ्ठलरावांना बोलवायची गरज पडली नाही. कर्नलनी स्वतःच एकेक वस्तू उचलून जीपमध्ये नेऊन ठेवली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात सिंधुबाई आली. तिला कर्नलशी बोलायचं होतं. विठ्ठलराव कां-कूं करत होते, पण आम्रपालींनी सांगितलं, बोलू द्या.

तिला बघून कर्नल उभे राहिले. हात जोडावेत की नाही, हे त्यांना कळेना.

"बाई, मी तुमचा गुन्हेगार आहे. मी ते सामान नेलं आणि निरपराध माणसाला..."

"सामानाचं मी इचारीत न्हाई," सिंधुबाई म्हणाली. "त्या नर्स बाईला कावून काढलंत, त्ये सांगा."

"एक जागा कमी करायची होती."

"मग तिचीच कावून?"

कर्नलनी विठ्ठलरावांकडं, मग आम्रपालींकडं पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही.

"वर्षभरात तिला काम पडलं नव्हतं," ते म्हणाले. "एकदाही नाही."

सिंधुबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या लहान मुलाला समजावून सांगावं तसं ती बोलली.

"काम पडलं न्हाई, म्हंजी त्या वर्सात समदी लेकरं घरी गेलती, साहेब."

कर्नल खुर्चीत बसले. मग त्यांनी तोंड झाकून घेतलं, आणि तसेच राहिले.

पुढचं सगळं रीतीनं झालं. कर्नलवर पुरावा लपवल्याचा आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हा दाखल झाला. विजयसिंहांना त्याच दुपारी बोलावणं गेलं. त्यांनी वकिलाला सोबत आणलं. रामेश्वर बोलावणं न येताच आला आणि दुसऱ्या फेरीचं सगळं लिहून द्यायला बसला. वनमालाबाईनं पहिल्यांदाच ठाण्याची पायरी चढून आपला जबाब दिला. शिवकन्याचं काही लिहून घ्यायचं नव्हतं, तरी ती आली आणि बाकावर बसून राहिली.

म्हाळूला सोडलं. विठ्ठलरावांनी त्याला चप्पल दिली, पाठीवर थाप मारली. "जा घरी. तुझ्यावर काही नाही आता."

म्हाळू बाहेर आला आणि पायरीवर बसला. लोक आत-बाहेर करत होते, तो हलेना. आम्रपाली गाडीपाशी सिंधुबाईची वाट बघत उभ्या होत्या. चकलांब्याला तिला पोचवून यायचं होतं.

सिंधुबाई पायऱ्या उतरत आली. म्हाळूनं तिच्याकडं पाहिलं.

"बाई, सोडलं मला," तो म्हणाला. "पर सुटल्यागत वाटंना."

सिंधुबाई थांबली. मग पदर सावरून त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

आम्रपालींनी गाडीचं दार उघडलं होतं. त्यांनी ते हळूच परत लावलं.